जेन मॅन्सफिल्ड यांच्या मृत्यूविषयी खुलासा

कॅलेंडरे आणि मासिकांवरील छायाचित्रांतून प्रसिद्धीस आलेल्या अमेरिकन अभिनेत्री जेन मॅन्सफिल्ड यांचा 1967 मधील मोटार अपघातात शिरच्छेद झाला, हे विधान छायाचित्रासह वारंवार पसरवले जाते. ते खरे नाही.

29 जून 1967 च्या पहाटे, मिसिसिपीतील बिलॉक्सी येथील कार्यक्रम आटोपून न्यू ऑर्लीन्सकडे जाताना त्यांची ब्युइक गाडी पुढच्या मालवाहू ट्रेलरच्या मागच्या भागाखाली घुसली. डासांसाठी धूर फवारणारे वाहन पुढे असल्याने ट्रेलरचा वेग मंदावला होता. पुढच्या आसनावरील तिघेही प्रौढ दगावले, मागे बसलेली तीन मुले मात्र वाचली. त्यांपैकी मारिस्का हार्गिटे पुढे स्वतः नामवंत अभिनेत्री झाल्या. मॅन्सफिल्ड यांच्या मृत्यू दाखल्यात कवटी चिरडल्याची आणि तिचा भाग मेंदूसह विलग झाल्याची नोंद आहे, शिर धडावेगळे झाल्याची नाही. छायाचित्रात गाडीच्या काचेजवळ दिसणारे सोनेरी केस हे बहुधा त्यांच्या कृत्रिम केसांच्या टोपाचे असावेत, आणि अफवेचे मूळही तेच असावे.

त्यांच्या मृत्यूनंतर लगेच, गाडी खाली घुसू नये म्हणून, ट्रेलरमागे लोखंडी आडवा दांडा सक्तीचा झाला, हेही अर्धसत्य आहे. त्या दांड्याला 'मॅन्सफिल्ड बार' म्हणतात खरे, पण अमेरिकेतील कडक नियम 1998 मध्ये लागू झाला.

खेदाची बाब अशी की, 1955 मध्ये न्यूयॉर्कमधील ब्रॉडवेच्या रंगभूमीवर गाजलेल्या आणि 1957 मध्ये होतकरू अभिनेत्रीचा गोल्डन ग्लोब पुरस्कार मिळवलेल्या या कलावतीची ओळख या खोट्या तपशिलापुरती उरली आहे.