परदेशी ट्रस्टचा तो मेसेज आणि आपला सातबारा

गेले काही महिने विटा, तासगाव, पलूस, मिरज भागातल्या व्यापाऱ्यांच्या आणि बागायतदारांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. खाली कुणाचं नाव नाही, फक्त मोबाइल नंबर आणि ‘पहिला सल्ला मोफत’. मजकूर थोडक्यात असा:

‘मोठ्या लोकांच्या नावावर काहीच नसतं, म्हणून ते मोठे राहतात. जर्सी, कुक आयलंड्स किंवा दुबईत फॅमिली ट्रस्ट काढा. मालमत्ता ट्रस्टची, म्हणून टॅक्स शून्य. ताबा शेवटपर्यंत तुमचाच. सरकारला पत्ता लागत नाही, बँक जप्ती आणू शकत नाही. एलआरएसमधून दरवर्षी अडीच लाख डॉलर कायदेशीर पाठवा. वारसा कर यायच्या आत सातबारा, बंगला, सोनं सगळं ट्रस्टमध्ये टाका. लेकी-जावयांचे वादही मिटतील.’

सांगलीत कर सल्ल्याचं काम करताना हा मेसेज पुढ्यात येतो आणि ‘यात तथ्य किती?’ असं विचारलं जातं. तथ्य आहे, हीच अडचण आहे. जवळजवळ प्रत्येक वाक्यात खऱ्याचा एक तुकडा घेऊन त्याला खोट्याची शेपटी जोडलेली आहे.

‘टॅक्स शून्य, ताबा तुमचाच’

हा मेसेजचा कणा आहे, म्हणून इथं जरा थांबावं लागेल. ट्रस्ट करणं म्हणजे आपली मालमत्ता विश्वस्ताच्या हवाली करणं; तो ती लाभार्थ्यांसाठी सांभाळतो. आपला १८८२ चा ट्रस्ट कायदा असो नाहीतर जर्सी या ब्रिटनच्या छत्राखालच्या बेटाचा, गाभा हाच. खरोखर देऊन टाकलं, तर त्यावरचा कर तुमच्याकडं मागायला जागा उरत नाही. पण परत घ्यायची सोय ठेवली, तर तुम्ही दिलंच नाही असं कायदा धरतो. १९६१ च्या आयकर कायद्याची ६१ ते ६३ ही कलमं त्यासाठीच होती. मालमत्ता किंवा तिचं उत्पन्न, सगळं किंवा थोडं, सरळ किंवा आडवाटेनं तुमच्याकडं परत येण्याची तरतूद असली, की सगळं उत्पन्न देणाऱ्याच्याच नावावर मोजायचं. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदलले, तत्त्व तेच राहिलं.

म्हणजे ताबा ठेवला तर कर लागतो आणि कर टाळायचा तर ताबा जातो. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. मेसेज लिहिणारा दोन्ही एकदम विकतो.

दुसरी गोष्ट फार जणांच्या ध्यानात येत नाही. ट्रस्ट जर्सीत नोंदवला म्हणून तो करासाठी परदेशी ठरतोच असं नाही. कारभार आणि निर्णय पूर्णपणे भारताबाहेर होत असतील तरच तो अनिवासी. विश्वस्त तिकडं सह्या करतोय आणि कुठले शेअर घ्यायचे, कुणाला किती द्यायचे हे विट्याच्या पेढीवरून फोनवर ठरतंय, असं दिसलं तर तो ट्रस्ट इथला निवासी धरला जाऊ शकतो. मग जगभरच्या उत्पन्नावर कर इथं, आणि लाभार्थ्यांचे वाटे ठरलेले नसतील तर तोही सर्वांत चढ्या दरानं.

प्रशांत महासागरातल्या कुक आयलंड्स या बेटांचं नाव मेसेजमध्ये मोठ्या रुबाबात आहे. त्याच बेटांवरचा एक घटस्फोटाचा दावा, वेब विरुद्ध वेब, २०२० मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला; तिथलं शेवटचं अपील तिकडंच जातं. नवऱ्यानं मालमत्ता ट्रस्टमध्ये ठेवली होती, पण स्वतःलाच एकमेव लाभार्थी करून घेण्याइतके अधिकार हातात राखले होते. न्यायाधीशांनी निष्कर्ष काढला की हे अधिकार आणि मालकी यांत फरक करता येत नाही, आणि बायकोच्या हिश्शासाठी ती मालमत्ता त्याचीच मोजली.

उलट बाजूही सांगायला हवी. गोंडल संस्थानच्या वारसांच्या प्रकरणात ब्रिटन-अमेरिकेतल्या ट्रस्टांबद्दल आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये म्हटलं की, कुणाला किती द्यायचं हे विश्वस्तांच्या मर्जीवर असेल आणि त्यांनी काही दिलंच नसेल, तर न मिळालेल्या उत्पन्नावर लाभार्थ्याला कर लावता येत नाही. मेसेजवाले या निकालाकडं बोट दाखवतात. पण तो निकाल ज्यांना उत्पन्न हातात मिळालं नाही अशा लाभार्थ्याला वाचवतो. ताबा न सोडणाऱ्याला नाही.

दुबईचं थोडक्यात. तिथं व्यक्तीच्या पगारावर आयकर नाही, खरं आहे. पण तुम्ही वर्षातले १८२ दिवस किंवा जास्त सांगलीत राहत असाल तर दुबईचा व्हिसा खिशात असून काही बदलत नाही. तिकडं राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही, दुसऱ्या कुठल्याच देशात कर लागू होत नसेल आणि परदेशातलं उत्पन्न सोडून बाकीचं १५ लाखांच्या वर असेल, तर भारताचा निवासी मानण्याची तरतूद २०२० च्या वित्त कायद्यानं आणली. त्यात त्याचं दुबईतलं उत्पन्न सहसा ओढलं जात नाही, पण ‘कुठंच निवासी नाही’ ही पळवाट बुजली.

‘सरकारला पत्ता लागत नाही’

हे पंधरा वर्षांपूर्वी कुणी म्हटलं असतं तर मान डोलावली असती. झाकली मूठ आता झाकलेली राहिलेली नाही. बँक खात्यांची माहिती देशादेशांनी आपोआप एकमेकांना द्यायची, ही सीआरएस नावाची पद्धत भारतानं २०१७ पासून चालू केली. जर्सी त्याच वर्षी आलं. कुक आयलंड्स आणि संयुक्त अरब अमिराती २०१८ मध्ये. स्वित्झर्लंडकडून पहिली यादी २०१९ मध्ये. या पद्धतीत ट्रस्टसाठी वेगळा नियम आहे: ट्रस्ट करणारा, विश्वस्त, देखरेख करणारा प्रोटेक्टर आणि लाभार्थी, सगळ्यांची नावं कळवायची, मग त्यांच्या हातात प्रत्यक्ष सत्ता असो वा नसो. मालमत्ता नावावर नाही, पण कळवलेल्या यादीत नाव आहेच.

एक भोक खरोखर आहे. अमेरिका स्वतः सीआरएसमध्ये नाही, म्हणूनच साउथ डकोटासारख्या राज्यात ट्रस्टांची दाटी झाली. २०२१ च्या पँडोरा पेपर्समध्ये, म्हणजे फुटलेल्या गुप्त कागदपत्रांमध्ये, ते जगासमोर आलं. कसं आलं तेही पाहावं: १४ सेवा कंपन्यांच्या कागदांतून. त्याआधी २०१६ ला पनामा पेपर्स. त्याच्याही आधी लिश्टेनस्टाईनच्या एका बँकेतून चोरलेली यादी जर्मनीनं विकत घेतली आणि आपल्याकडं पाठवली. त्यातल्या एका ट्रस्टच्या भारतीय लाभार्थ्यांच्या उत्पन्नात ती रक्कम मिळवणं मुंबईच्या आयकर न्यायाधिकरणानं २०१४ मध्ये योग्य ठरवलं. कायद्यानं गुप्त ठेवलेलं कारकुनाच्या पेन ड्राइव्हमधून बाहेर येतं.

आणि सापडलं तर? २०१५ च्या काळा पैसा कायद्यात अघोषित परदेशी मालमत्तेच्या किमतीवर ३० टक्के कर, वर कराच्या तिप्पट दंड. बेरीज करा: मालमत्तेच्या १२० टक्के. म्हणजे ती सगळी विकून वर घरातून भर घालायची. जाणूनबुजून कर चुकवल्याचं सिद्ध झालं तर तीन ते दहा वर्षं सक्तमजुरी. जुनं आहे म्हणून सुटका नाही, कारण अधिकाऱ्याच्या लक्षात येईल त्या वर्षी कर लागतो. निवासी माणूस परदेशी ट्रस्टचा नुसता लाभार्थी असला तरी विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात त्यानं ते लिहायचं असतं. नाही लिहिलं तर वेगळा १० लाख दंड. ऑक्टोबर २०२४ पासून २० लाखांपर्यंतच्या जंगम परदेशी मालमत्तेला या दंडातून सवलत मिळाली. त्याच नोव्हेंबरात आयकर खात्यानं, हा तक्ता न भरलेल्या पण सीआरएसमध्ये नाव आलेल्या लोकांना एसएमएस पाठवायची मोहीम काढली.

‘बँक जप्ती आणू शकत नाही’

आपल्या जिल्ह्यात हा मुद्दा सर्वांत जास्त विकला जातो, आणि कारण उघड आहे. इथं प्रत्येक जण कुणाचा ना कुणाचा जामीनदार असतो. पतसंस्था, सहकारी बँक, बेदाण्याच्या स्टोरेजवरचं कर्ज, भाच्याच्या ट्रॅक्टरचा जामीन. सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला म्हणजे काय हे तासगावात शाळकरी पोरालाही सांगावं लागत नाही. सहकारी बँकांना सरफेसी कायद्याची, म्हणजे दावा न लावता तारण ताब्यात घ्यायची, वाट मोकळी आहे, हेही मुरगूडच्या विश्वासराव पाटील सहकारी बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांवर दिवाळखोरी संहिता १ डिसेंबर २०१९ पासून थेट लागू आहे.

आता समजा थकबाकीची नोटीस आली आणि कुणी बंगला घाईघाईनं ट्रस्टमध्ये टाकला. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५३ सांगतं की, ज्यांचं देणं आहे त्यांना बुडवायच्या हेतूनं केलेलं स्थावराचं हस्तांतरण त्या धनकोला रद्द करून मागता येतं. हा कायदाही १८८२ चाच आहे, म्हणजे युक्ती तेव्हाही जुनीच होती.

पैसा तिकडं आणि तुम्ही इकडं असाल तर? अमेरिकेतल्या अँडरसन नावाच्या जोडप्यानं हेच केलं होतं. टेलिमार्केटिंगच्या फसवणुकीतला पैसा कुक आयलंड्सच्या ट्रस्टमध्ये. कोर्टानं पैसा परत आणा म्हटल्यावर त्यांनी तिकडं कळवलं. तिकडच्या विश्वस्त कंपनीनं ‘हे दबावाखाली बोलतायत’ असं कलम काढून नकार दिला. आमच्या हातात काही नाही, असं दोघांनी सांगितलं. न्यायाधीशांनी कोर्टाच्या अवमानाबद्दल दोघांना तुरुंगात घातलं आणि १९९९ मध्ये अपिलातही तो आदेश टिकला. ट्रस्ट अभेद्यच होता, ज्यांनी तो काढला त्यांच्या अंगावर कोर्टाचा हात पोचत होता एवढंच.

देणी नसताना, धंदा सुरळीत असताना, बरीच वर्षं आधी आणि मनापासून केलेला ट्रस्ट संरक्षण देतो. पण तो भारतातही करता येतो.

‘एलआरएसमधून कायदेशीर पाठवा’

एलआरएस म्हणजे परदेशात पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना. मर्यादा बरोबर आहे: माणशी वर्षाला २,५०,००० डॉलर, २०१५ पासून. पण ही सोय निवासी व्यक्तीला आहे. फर्म, कंपनी, हिंदू अविभक्त कुटुंब आणि ट्रस्ट यांना नाही, त्यामुळं पेढीच्या खात्यातून पाठवायचा विचार सोडा. पाठवताना हेतू लिहून द्यावा लागतो. परदेशी ट्रस्टमध्ये भांडवल ओतणं हा हेतू नियमांत स्पष्टपणे लिहिलेला नाही, त्यामुळं बँका मागं सरतात. मेसेजवाला मग ‘नातेवाइकाला भेट’ लिहा म्हणतो. खोटा हेतू लिहिणं म्हणजे फेमाचं, परकीय चलनाच्या कायद्याचं, उल्लंघन, आणि तिथं दंड रकमेच्या तिपटीपर्यंत जातो. शिवाय गुंतवणूक किंवा भेट म्हणून १० लाखांच्या वर पाठवलं की २० टक्के टीसीएस, म्हणजे पाठवतानाच बँक आगाऊ घेते तो कर. तो नंतर करात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतोच.

ज्यांनी परदेशात राहून कमावलं आणि मग परत आले, त्यांची गोष्ट वेगळी. अनिवासी असताना मिळवलेली तिकडची मालमत्ता तिकडंच ठेवायला फेमाचं कलम ६(४) परवानगी देतं. या लोकांनी ट्रस्टबद्दल बोलावं. त्यांच्याबाबतीत तो खरा प्रश्न आहे.

‘वारसा कर यायच्या आत’

आपल्याकडं १९५३ ची इस्टेट ड्यूटी १९८५ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंहांनी काढली. संपत्ती कर २०१५ मध्ये गेला. आज वारसा कर नाही. २०२४ च्या निवडणुकीत त्यावरून रान पेटलं, म्हणून मेसेजमध्ये हे वाक्य आलं.

गंमत अशी की आपल्या माणसांना वारसा कर लागतो तो परदेशातच. मोबाइलवरच्या अॅपमधून अमेरिकन शेअर घेतलेला मिरजेचा डॉक्टर वारला, तर ६०,००० डॉलरच्या वरच्या त्या शेअरांवर अमेरिका ४० टक्क्यांपर्यंत इस्टेट टॅक्स मागू शकते. आणि ब्रिटनमध्ये आधी ‘मूळ घर भारतात’ या आधारावर परदेशी मालमत्ता वारसा कराबाहेर राहायची. ६ एप्रिल २०२५ पासून ते गेलं. आता वीसपैकी दहा वर्षं तिथं राहिलेल्याची जगभरची मालमत्ता हिशेबात येते, दर ४० टक्के. १९५६ चा भारत-ब्रिटन करार काहींना वाचवतो, पण तो मृत्यूनंतरच्या करापुरता. तिथं दीर्घकाळ राहिलेल्यानं हयातीत ३,२५,००० पौंडांपेक्षा जास्त ट्रस्टमध्ये टाकले, तर वरच्या रकमेवर २० टक्के लगेच आणि पुढं दर दहा वर्षांनी ६ टक्क्यांपर्यंत. म्हणजे लंडनमध्ये नोकरी करणाऱ्या लेकाला हा मेसेज पुढं पाठवाल तर त्याचं नुकसान कराल.

‘सातबारा ट्रस्टमध्ये टाका’

होत नाही. भारताबाहेरच्या संस्थेला इथली शेतजमीन घेता येत नाही, आणि महाराष्ट्राच्या १९४८ च्या कूळवहिवाट कायद्याचं कलम ६३ बिगरशेतकऱ्याला विक्री, बक्षीस, अदलाबदल, काही करू देत नाही. द्राक्षबागेचं उत्पन्न तर मुळातच करमुक्त आहे. ते पैसे जर्सीला पाठवून त्यावर व्याज कमावलं, की करमुक्त पैशातून करपात्र उत्पन्न तयार केलं.

‘लेकी-जावयांचे वाद मिटतील’

वडिलार्जित मिळकतीत मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हिस्सा आहे. कायदा २००५ चा. वडील तेव्हा हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सांगितलं. जे माझं नाही ते मला ट्रस्टमध्ये टाकता येत नाही. स्वकष्टार्जित मिळकत हवी तशी द्या, त्याला साधं मृत्युपत्र पुरतं. वडिलार्जितमधला हिस्सा बहिणीला सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्रावर तिची सही लागते, आणि त्यासाठी आधी तिला विचारावं लागतं.