पिठीसाखर भुरभुरून व्हॅरोआ आटोक्यात येत नाही

मधपेटीतल्या माश्यांवर दर आठवड्याला पिठीसाखर भुरभुरली की व्हॅरोआ माइट (मधमाश्यांवर जगणारे बारीक परजीवी) गळून पडतात, तळफळीवर पडलेले माइट हाच त्याचा पुरावा आहे आणि म्हणून रासायनिक उपायांची गरज उरत नाही, असा सल्ला मधमाशीपालकांमध्ये सर्रास दिला जातो.

त्यातला पहिला भाग खरा आहे. साखरेच्या बारीक कणांमुळे माइटची पकड सुटते आणि माश्याही अंग झाडू लागतात.

मात्र दर आठवड्याच्या भुरभुरण्याने माइट हळूहळू संपतात, हे त्यांच्या जीवनक्रमाशी जुळत नाही. मादी माइट अळीचा कप्पा बंद होण्याच्या जरा आधी आत शिरते आणि मेणाच्या झाकणाखाली अंडी घालते. कामकरी माशीचा कप्पा सुमारे १२ दिवस बंद राहतो. ब्रूड, म्हणजे कप्प्यांत वाढणारी अंडी-अळ्या-कोष, भरात असताना निम्म्याहून अधिक माइट या झाकणांखालीच असतात आणि तिथवर साखर पोहोचतच नाही.

तळफळीवरून किती माइट पडले ते कळते, किती उरले ते कळत नाही, आणि वसाहतीचे भवितव्य उरलेल्यांवर ठरते. साखरेचा खरा उपयोग मोजणीसाठी आहे. राणी चौकटीवर नाही याची खात्री करून ब्रूडच्या चौकटीवरच्या सुमारे ३०० माश्या जाळीचे झाकण असलेल्या बरणीत घ्याव्यात, दोन चमचे पिठीसाखर घालून बरणी हलक्या हाताने घोळवावी, मिनिटभर थांबावे आणि मग ती पांढऱ्या थाळीवर उलटी धरून जोराने हलवावी. तांबूस, चपटे माइट साखरेत स्पष्ट दिसतात. ते ९ भरले, म्हणजे शेकडा ३ झाले, तर उपाय लांबणीवर टाकू नये.

माइटवर रासायनिक उपाय म्हणून वापरली जाणारी आम्ले मुळातच त्याज्य, हा आक्षेपही टिकत नाही, कारण ऑक्झॅलिक आणि फॉर्मिक आम्ल मधात नैसर्गिकरीत्या अल्प प्रमाणात असतेच. अर्थात ती हाताळताना हातमोजे, चष्मा आणि योग्य मुखवटा हवाच, आणि मात्रा उत्पादनाच्या सूचनेप्रमाणेच असावी. ऑक्झॅलिक आम्ल झाकणापलीकडे जात नाही, म्हणून ते ब्रूड नसताना वापरणे सर्वांत फलदायी ठरते. फॉर्मिक आम्लाची वाफ झाकणाखालच्या माइटनाही मारते, पण कडक उष्म्यात तिने राणी दगावू शकते.

रसायन टाळायचेच असेल, तर साखरेपेक्षा नर-ब्रूड काढणे अधिक उपयोगी आहे, कारण माइट नरांच्या कप्प्यांकडे अधिक ओढले जातात. एकट्या या उपायावर विसंबू नये. शिवाय नर-ब्रूडची चौकट कप्पे बंद झाल्यावर, पण नर बाहेर पडण्याआधी, काढावीच लागते, नाहीतर तिच्यातूनच माइटची नवी पिढी पेटीभर पसरते.