अरोवाना आणि तीन फुटी टाकी: एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार. अरोवाना मासा पाळण्याच्या माझ्या सल्ल्यांवरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सहा फुटी टाकी, दर आठवड्याला पाणी बदलणं, बॅटरीवरचा पंप ही शहरातल्या बंगलेवाल्यांची चैन. जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे असे सल्ले देऊ नयेत. दुकानदारानं तुम्हाला सांगितलं होतं, 'मासा टाकीएवढाच वाढते.' तुमचा अरोवाना तीन फुटी टाकीत दोन वर्षं राहिला, मे महिन्यात एका रात्रीत गेला, आणि घरचे म्हणतात, घरावरचं संकट त्यानं अंगावर घेतलं.

पाण्याबद्दलचा तुमचा राग रास्त आहे, त्याकडे येतोच. पण 'संकट घेतलं' म्हणून विषय मिटला, की त्याच टाकीत दुसरं पिल्लू येतं आणि तेही तसंच जातं. म्हणून आधी माशाबद्दल बोलू.

आपल्याकडे सहसा मिळतो तो चंदेरी अरोवाना, मूळचा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. बोटभर पिल्लू पहिल्याच वर्षात फूट-दीड फूट होतं आणि पुढे घरातही दोन-अडीच फुटांपर्यंत जातं. टाकी लहान म्हणून त्याची वाढ शहाण्यासारखी थांबत नाही. वळायला जागा नसली की अंग वाकडं होतं, आणि घाण पाण्यात वाढ खुंटते ती आजारानं. तुम्हीच लिहिलंय की त्याच्या कल्ल्यांची झाकणं बाहेरच्या बाजूला मुडपली होती आणि शेवटी तो वर येऊन तोंड उघडत होता. दोन्ही खुणा खराब पाण्याच्या आणि कमी पडलेल्या ऑक्सिजनच्या आहेत. म्हणजे तो ठणठणीत नव्हता, सोसत होता.

आता ती मे महिन्यातली रात्र. पाणी 20 अंशांवर असताना लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन धरतं, 32 अंशांवर जेमतेम सव्वासात. त्यात लाइन गेली, पंप बंद पडला. फिल्टरमधले घाण पचवणारे जिवाणूही ऑक्सिजनवरच जगतात. पाणी तासन्‌तास थांबलं की ते मरायला लागतात. लाइन आल्यावर तेच कुजकं पाणी टाकीत येतं आणि माशाच्या घाणीतून सुटणारा अमोनिया चढतो. आपलं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड, म्हणजे क्षारांचं, आणि अल्कधर्मी. पीएच (पाणी किती आम्ल की अल्कधर्मी, याचं माप) 7 वरून 8 वर गेला की त्याच अमोनियातला विषारी भाग जवळपास दहापट होतो, उष्णतेनं आणखी वाढतो. एवढं सगळं एका रात्रीत जुळून येतं, भाऊ. यात घरावरचं संकट कुठेच नाही.

यावर उपाय फार महागाचे नाहीत. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आणि एक स्पंज फिल्टर रात्रभर चालू राहिला तरी जीव वाचतो. पाण्यावर तिरका पंखा लावा. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात बाष्पीभवन जोरात होतं, पाणी दोन-तीन अंश सहज उतरतं. बर्फ एकदम टाकू नका. आणि टाकीवर वजनदार झाकण हवंच, अरोवाना उडी मारणारा मासा आहे.

आता पाणी. 6 बाय 2 बाय 2 फुटांच्या टाकीत सुमारे 680 लिटर मावतं. आठवड्याला चौथाई बदललं तर 170 लिटर, म्हणजे एक ड्रमही नाही. ते सांडपाणी वांग्या-मिरचीच्या आळ्यात सोडलं तर वाया जात नाही, उलट झाडांना नत्र मिळतं. नळयोजनेचं पाणी असेल तर ब्लीचिंगमुळे क्लोरीन असतो. ड्रममध्ये हवा सोडून दिवसभर ठेवा किंवा अँटीक्लोर (क्लोरीन घालवणारं औषध) टाका. मात्र ज्या गावात बायकांना डोक्यावर हंडे घेऊन दूर जावं लागतं, तिथे अरोवाना आणूच नये. हे मी मनापासून म्हणतोय. माणसांच्या घशातलं पाणी माशाला देऊ नये, आणि माशालाही अर्धवट पाण्यात ठेवू नये.

एक गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली, ती मला सगळ्यात जास्त खटकली: पऱ्हाटीतले नाकतोडे पकडून खाऊ घालत होता. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. कपाशीवरच्या काही औषधांचा अगदी किंचित अंशही माशाला मारतो. फवारलेल्या शेतातला किडा टाकीत कधीच टाकू नका, फवारणीचे हात न धुता पाण्यात घालू नका. त्यापेक्षा काटा काढून सोललेले झिंगे द्या. जिवंत गोल्डफिश नको, त्यांच्याबरोबर परजीवी येतात.

तुमची तीन फुटी टाकी वाईट नाही. जड पाणी गप्पी आणि मोली या लहान माशांना चांगलं मानवतं; दहा-पंधरा सोडा, पोरंही रमतील. पण आधी पाण्याचा पीएच आणि अमोनिया तपासून आकडे मला कळवा, मग माशांचं नक्की ठरवू.