रडणाऱ्या माणसाला दुरुस्त करायची एवढी घाई का?

काका जाऊन आता चारेक महिने झाले आणि मावशी अजून रडते. दिवसभर नाही, पण दिवेलागणीला, त्यांच्या चहाच्या वेळेला वगैरे. परवा नात्यातल्या एकांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं की आता हिला कुणालातरी दाखवा, हे नॉर्मल नाही. मला इतका राग आला. अख्खा संसार ज्या माणसाबरोबर केला तो गेल्यावर चार महिन्यांत हसतखेळत भिशीला जायचं, हे नॉर्मल का?

आणि ही मुदत घालायची सवय फक्त नातेवाइकांना नाहीये. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेचं डीएसएम नावाचं निदानाचं पुस्तक आहे, त्यात १९९४ साली असं होतं की जवळचं माणूस गेल्यावर पहिले दोन महिने शक्यतो डिप्रेशनचं लेबल लावू नका. २०१३ ला ही सूट काढून टाकली. २०२२ ला लांबलेल्या दुःखाचा वेगळा आजारच त्यात आला, मोठ्या माणसांसाठी किमान एक वर्षानंतर. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत हीच मुदत सहा महिने! म्हणजे दुःख तेच, पुस्तक बदललं की तारीख बदलते. सूट काढायला कारण होतं हे मान्य आहे, शोकातल्या माणसालाही खरं डिप्रेशन येऊ शकतं आणि त्याला उपचार मिळायलाच हवेत. पण लांबलेल्या दुःखाच्या निदानातही एक अट आहेच की हे दुःख त्या समाजाच्या रीतीपेक्षा जास्त हवं, म्हणजे शेवटी आजूबाजूचे किती सहन करतात त्यावरच आलं ना?

आजूबाजूच्यांचं कसं असतं ते पुण्यात दरवर्षी दिसतं. पालखी आली की फर्ग्युसन रोडवर भलेभले लोक पादुकांवर डोकं ठेवून ढसाढसा रडतात आणि आपण त्यांना नमस्कार करतो. तोच माणूस दुसऱ्या दिवशी हिंजवडीत डेस्कवर रडला तर मॅनेजर केबिनमध्ये बोलावेल.

आणि बहुमताला जे चालत नाही त्याला आजार म्हणायची खोड जुनी आहे. १८५१ मध्ये अमेरिकेत कार्टराइट नावाच्या डॉक्टरने मालकाकडून पळून जाणाऱ्या गुलामांना मानसिक आजार आहे असं लिहिलं होतं. समलैंगिकता १९७३ पर्यंत डीएसएममध्ये आजार होती. आपला २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा तरी स्पष्ट म्हणतो की समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक समजुतींमध्ये बसत नाही एवढ्यावरून कुणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. हे कलम घराघरात वाचून दाखवावं असं मला वाटतं.

आता याची दुसरी बाजू, जी मला जास्त छळते. माझा एक कलीग आहे. वडील गेले, तेरावा झाला आणि चौदाव्या दिवशी हा लॅपटॉपसमोर. सगळे म्हणाले काय स्ट्राँग आहे. न रडणं हा काही रोग नाही, एकेकाची पद्धत असते. पण हा मला स्वतः म्हणाला की कित्येक महिने कशाचंच काही वाटत नाही, मुलगी गॅदरिंगला नाचली तेव्हाही नाही, रात्री तीनला जाग येते ती येतेच. त्याला कुणी म्हणत नाही की दाखवून घे, कारण टार्गेट पूर्ण होतायत, ईएमआय जातायत, घरी आवाज नाही. आपण तब्येत बघतच नाही हो, आपल्याला त्रास होतोय का ते बघतो! जिला रडून मोकळं व्हायचंय तिच्यामागे डॉक्टर लावायचा आणि जो आतून विझत चाललाय त्याला प्रमोशन द्यायचं.

गोळ्यांच्या मी अजिबात विरोधात नाही. झोप, भूक गेली, जगावंसं वाटेना झालं तर तडक डॉक्टरकडे जा, आणि टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास फुकट आहे. पण ज्या शहरात येरवड्याला, म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात, पाठवा हा अजूनही चेष्टेचा विषय आहे तिथे माणूस जाणार कसा?

कलीग शेवटी जातोय, पुढच्या गुरुवारी. रजेच्या अर्जात कारण लिहिलंय, दाताचं काम. त्या २०१७ च्याच कायद्याने इन्शुरन्स कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच कव्हर करायला लावलाय, तरी त्याची क्लेम टाकायची हिंमत नाही. तुमच्यापैकी कुणी एचआरमध्ये असाल तर खरं सांगा, मानसोपचारासाठी सुट्टी असं सरळ लिहिलं तर पुढच्या अप्रेजलला ते निघतं का?