फोटोसारखं झालं म्हणजे पोर्ट्रेट झालं का?

आज कोल्हापुरातल्या एका प्रदर्शनात जुन्या पैलवानाचं पोर्ट्रेट पाहिलं आणि डोकंच तडकलं. मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा असं काम. पण नाक बटाट्याएवढं, आणि कान? कुस्तीत मोडून गड्डा झालेले कान म्हणजे पैलवानाची अर्धी ओळख. ते पार मागं दडलेले. बघणारे म्हणत होते, "लई भारी, अगदी फोटो!" माझी तक्रार तीच आहे.

चित्र मोबाइलवरच्या फोटोवरून केलेलं. मोबाइल दीड फुटावर धरला की नाकाचं टोक लेन्सजवळ येतं आणि कान पाचेक इंच मागं राहतो. तेवढ्यानं तो नाकाच्या मानानं पाचव्या हिश्श्यानं लहान दिसतो. सहा फुटांवरून बघा, हाच फरक सहा-सात टक्क्यांवर येतो. वर मोबाइल सावल्या उजळून सपाट करतो, मग गालाच्या हाडाखालचा उतार कुठनं दिसणार? चित्र काढणाऱ्या पोरानं ग्रिड मारून, म्हणजे फोटोवर आणि कॅनव्हासवर चौकोन आखून, ती सगळी खोट चौकोनाचौकोनानं कॅनव्हासवर आणली.

हात चांगला आहे पोराचा. राग त्याच्यावर नाही, त्याला हे शिकवणाऱ्यांवर आहे! इथलेच जुने चित्रकार आबालाल रहमान रंकाळ्यावर, कोटितीर्थावर जाऊन चित्रं काढायचे. हे चित्रकार आणि सिनेमावाले बाबूराव पेंटर यांचं गाव. इथं वर्षभराची फी घेऊन मुलासमोर एक जिवंत माणूस बसवता येत नाही?

मान्य, गेलेल्या माणसाचं चित्र फोटोवरूनच करावं लागतं. पण ज्यानं समोर बसलेली माणसं भरपूर काढलीत, त्याला फोटो कुठं फसवतोय ते कळतं. त्या पैलवानाचे कान त्यानं आपसूक मोठे केले असते.

आणि हे शिकवणं अवघड नाही हो. मॉडेल सहा-आठ फुटांवर, उजेड एकाच बाजूनं, थोडा वरून. ट्यूबलाइट बंद. कोपर ताठ ठेवून चारकोलच्या (कोळशाच्या) काडीनं मापं घ्यायची. डोळे टाळू आणि हनुवटीच्या मधोमध येतात, पण नवशिका ते हमखास वर नेतो, कारण कपाळ त्याला रिकामं वाटतं. मग डोळे बारीक करून फक्त दोन भाग बघायचे, उजेड आणि सावली. सावली एकाच गडदपणात भरून टाकायची. पापण्या, मिशी, सुरकुत्या सगळ्यात शेवटी. डोळ्याचा पांढरा भाग पांढरा ठेवलात की बुबुळ बाहेर आल्यासारखं दिसतं. तो गोळा आहे, वरच्या पापणीची सावली त्याच्यावर पडते.

तैलरंगात सावलीला नुसता काळा लावला की कातडी मेल्यासारखी होते. बर्न्ट अंबर या गडद तपकिरीत थोडा अल्ट्रामरीन निळा घाला. उजेडाला यलो ओकर (मातकट पिवळा), लाइट रेड (विटकरी) आणि पांढरा. सुरुवातीला एवढ्यावर भागतं. पहिला थर टर्पेंटाइननं पातळ, तेल वरच्या थरांत. उलटं केलंत तर पुढं भेगा पडतात.

एवढं शिकवा, मुलं पटापट धरतात. समोर बसायला मंडईतली, तालमीतली म्हातारी माणसं बोलवा. दर वीस-पंचवीस मिनिटांनी त्यांना उठू द्या, खुर्चीच्या पायांभोवती खडूनं खुणा करून ठेवा म्हणजे परत तिथंच बसवता येतं. पैसे आधी द्या, आणि काढलेलं चित्र त्यांना दाखवल्याशिवाय घरी पाठवू नका.