राऊटरचं लिनक्स जुनं, म्हणून अपडेट बंद?

लोकमान्यनगरच्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज गरगर फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: घरच्या राऊटरमध्ये पंधरा वर्षांपूर्वीचं लिनक्स (राऊटर चालवणारी मूळ प्रणाली) असतं; परदेशातून आत शिरता यावं म्हणून कंपन्या ते मुद्दाम जुनं ठेवतात; पाळत अपडेटमधूनच बसते, तेव्हा ऑटो-अपडेट बंद करा; दर महिन्याला मागच्या भोकात टाचणी घालून रिसेट मारा, राऊटर नव्यासारखा होतो; आणि रात्री त्याला फॉइल गुंडाळा. मामींनी फॉइल सोडून बाकी सगळं इमानेइतबारे केलं. मग इंदूरभर लोकांची नेटवर्कं जोडत फिरणाऱ्या भाच्याला, म्हणजे मला, फोन, की वाय-फायचं नावच बदललंय, टीव्हीसुद्धा लागत नाही.

आधी टाचणीचं बघू, कारण खरं नुकसान तिथे आहे. रिसेटने पुसल्या जातात त्या तुमच्या सेटिंग्ज. फर्मवेअर, म्हणजे राऊटरमध्ये बसवलेलं सॉफ्टवेअर, त्याच्या फ्लॅश मेमरीत जसंच्या तसं राहतं; कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तोही तोच. मी आत शिरून पाहिलं तर आवृत्ती 2.6.36, म्हणजे ऑक्टोबर 2010 चा. टाचणीने तो काही तरुण झाला नव्हता. परत आला होता तो कारखान्यातला पासवर्ड, डब्याच्या बुडाशी स्टिकरवर छापलेला: युजर ॲडमिन, पासवर्डही ॲडमिन. 2016 साली मिराई नावाच्या बॉटनेटने (ताब्यात घेतलेल्या उपकरणांच्या फौजेने) असल्याच साठेक ठरावीक जोड्या वापरून जगभरचे कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले होते. त्यांना कर्नलमधली सुरक्षेची भोकं शोधावीच लागली नाहीत. थोडक्यात, सुरक्षिततेच्या नावाखाली हा मेसेज लोकांना दर महिन्याला कुलूप काढून ठेवायला सांगतोय!

बरं, या रिसेटच्या सल्ल्याचा उगम कुठला असावा याचा अंदाज येतो. मे 2018 मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाचं मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) 54 देशांत, किमान पाच लाख उपकरणांत सापडलं, तेव्हा अमेरिकेच्या एफबीआयने लोकांना राऊटर बंद करून चालू करायला सांगितलं होतं. त्याने मालवेअरचा काही भाग खरंच जायचा, मूळ भाग मात्र राहायचा. तेवढं अर्धसत्य मान्य.

आता 'मुद्दाम'. कर्नल जुना असतो, हेही खरं. जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेने 2020 मध्ये सात कंपन्यांची 127 राऊटर मॉडेल तपासली. नव्वद टक्क्यांहून जास्त लिनक्सवर, आणि त्यातली तिसऱ्या हिश्श्याहून जास्त 2.6.36 किंवा त्याहून जुन्या कर्नलवर. या 2.6.36 ला शेवटची सुरक्षा-दुरुस्ती मिळाली फेब्रुवारी 2011 मध्ये. पण त्या सात कंपन्यांत जर्मन, अमेरिकी, तैवानी, चिनी सगळ्या होत्या. एवढ्या देशांनी मिळून एकच कट रचला म्हणता? एवढी एकी असती तर चार्जर तरी कधीच एकसारखे झाले असते.

कारण रुक्ष आहे. राऊटर विकणारी कंपनी चिप बनवत नाही. चिप येते ब्रॉडकॉम, क्वालकॉम, मीडियाटेक, रियलटेक यांच्याकडून आणि तिच्याबरोबर एसडीके, म्हणजे ती चिप वापरायचा सॉफ्टवेअर-संच, येतो: त्यात एक ठरावीक कर्नल आणि वाय-फायचा ड्रायव्हर (वाय-फायची चिप चालवणारा कोड), बहुधा सोर्सशिवाय, म्हणजे मूळ कोड न देता, नुसती बायनरी, तयार बांधलेली फाइल. लिनक्सचे आतले इंटरफेस, म्हणजे ड्रायव्हर जिथे जोडले जातात ते सांधे, आवृत्तीगणिक बदलतात, ते तसेच राहतील अशी हमी कुणी देत नाही. कर्नलच्याच दस्तऐवजांत, कर्नल सांभाळणाऱ्यांपैकी एक प्रमुख, ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी स्वच्छ लिहिलंय, की ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये द्या, बदल आम्ही सांभाळतो. चिपवाले बऱ्याचदा देत नाहीत. मग 2.6.36 साठी बांधलेली बायनरी नव्या कर्नलवर चढत नाही, राऊटर कंपनीकडे सोर्स नाही, आणि चिपवाला पुढची चिप विकण्यात गुंतलेला. डबा एकदा विकला की त्यातून पुढे एक रुपया येत नाही, तर कर्नल बदलून पुन्हा सगळ्या चाचण्या करायचा खर्च कोण उचलणार? यात निष्काळजीपणा भरपूर आहे, कंजूषपणा त्याहून जास्त. हेरगिरी लागतच नाही.

आणि अपडेट बंद करा, हा तर कहर. कर्नलचा आकडा हलला नाही तरी दुरुस्त्या येत असतात. आसुसचा आरटी-एसी68यू हा राऊटर 2013 चा, कर्नल 2.6.36 वरच राहिला, फर्मवेअर मात्र अनेक वर्षं येत राहिलं. राऊटरची बरीच भोकं ॲडमिनच्या वेबपानात असतात, आणि ती बुजतात अपडेटनेच. कर्नलच्या दुरुस्त्याही जुन्या आवृत्तीत मागे नेऊन बसवता येतात, म्हणून नुसत्या आकड्यावरून सगळं कळत नाही. अपडेटनंतर कधीकधी वाय-फाय बिघडतं, हे नाकारत नाही. पण तो एका संध्याकाळचा ताप. शिवाय फायबरवाल्याने दिलेल्या डब्यात बहुधा तोच अपडेट ढकलतो, तिथे तुमचं बटण चालतही नाही.

फॉइलने वाय-फाय अडेल आणि डबा तापेल. बास.

ग्रुपवर कुणीतरी 'ओपनडब्ल्यूआरटी टाका' म्हणालं, म्हणजे कंपनीच्या फर्मवेअरऐवजी बसवायचं खुलं, मोफत फर्मवेअर. उपाय चांगला, पण ड्रायव्हर खुले असतील तरच. ब्रॉडकॉमच्या वाय-फायवाल्या डब्यांवर बऱ्याचदा निराशाच होते, आणि 4 एमबी फ्लॅशवाल्यांत आताचं ओपनडब्ल्यूआरटी मावत नाही.

इंदूरच्या जेल रोडवर नवीन राऊटर घ्यायला गेलात तर अँटेना मोजत बसू नका. मॉडेलचा नंबर कंपनीच्या साइटवर टाका आणि शेवटचं फर्मवेअर कोणत्या तारखेचं आहे ते काउंटरवरच बघा. दोन वर्षांपूर्वीचं निघालं तर दुसरं मॉडेल दाखवायला सांगा.