‘भाव विचारला तर प्रश्नपत्रिका हातात देतात’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा एक ताऱ्याचा अभिप्राय नीट वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी त्यातलं म्हणणं थोडक्यात मांडतो. तुम्ही लेझर मशीन तपासायच्या मीटरचं हेड, म्हणजे सेन्सर, केवढ्याला ते फोनवर विचारलं, पण भाव न सांगता आम्ही आधी मशीनची सगळी माहिती विचारत बसलो. तुम्ही ३० वॅटचं थर्मोपाइल हेड (उष्णतेवरून सरासरी शक्ती मोजणारं) मागितलं होतं, पण आम्ही जवळपास तिप्पट किमतीचं पायरो हेड (लेझरचा प्रत्येक झटका, म्हणजे पल्स, वेगळी मोजणारं) घ्यायला लावलं. ते टॅटू पुसायच्या लेझर मशीनवर मशीनच्या पॅनेलपेक्षा १५ टक्के कमी दाखवतं, त्यावरून वाशीच्या क्लिनिकमध्ये डॉक्टरांनी तुम्हालाच ऐकवलं. आणि केस काढायच्या डायोड मशीनवर ते काहीच्या काही आकडे देतं. ‘यांना सेन्सरमधलं काही कळत नाही, नुसती महागडी वस्तू गळ्यात मारतात’ असं शेवटी लिहिलं आहे.

डॉक्टरांसमोर मीटर हातात धरून उभं असताना आकडा जुळला नाही की सगळा राग मीटरवर आणि ते विकणाऱ्यावर निघतो, हे मला समजतं. तरीही त्या मशीनसाठी ते हेड बरोबर आहे असंच माझं मत आहे. त्याची कारणं इथेच देतो, कारण ठाणे-नवी मुंबईत क्लिनिकची मशीन सांभाळणारे तुमच्यासारखे बरेच जण हेच पान वाचून आमच्याकडे येतात.

टॅटू पुसायच्या मशीनचे आकडे तुम्हीच दिले होते. क्यू-स्विच एनडी याग (अतिशय छोट्या पण जोरदार पल्स देणारं लेझर), वेव्हलेंग्थ १०६४ आणि ५३२ नॅनोमीटर, जास्तीत जास्त ८०० मिलिज्यूल, पल्स ८ नॅनोसेकंदांची (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग), वेग १० हर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला १० पल्स. ८०० मिलिज्यूल गुणिले १० म्हणजे सरासरी ८ वॅट. ३० वॅटच्या हेडला हे अगदीच किरकोळ, असं कोणालाही वाटेल. पण ते ८०० मिलिज्यूल ८ नॅनोसेकंदांत बाहेर पडतात, आणि तेवढ्या वेळात शक्ती १० कोटी वॅटवर गेलेली असते. हेडच्या काळ्या लेपातून उष्णता मागे सरकायला तेवढ्यात सवडच मिळत नाही. सगळी उष्णता वरच्या पातळ थरात कोंडते आणि थर उडतो. हेडवर लिहिलेले ३० वॅट म्हणजे सतत किती उष्णता बाहेर टाकता येईल याचा आकडा. लेप पल्सचा तडाखा किती सोसेल, याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

तो तडाखा दर चौरस सेंटीमीटरला किती ज्यूल पडतात यावर मोजतात. म्हणूनच आम्ही सगळ्यात लहान स्पॉट, म्हणजे प्रकाशाचा ठिपका, किती, हे पुन्हा पुन्हा विचारत होतो. तुमच्या हँडपीसचा (मशीनच्या हातात धरायच्या टोकाचा) स्पॉट ८ मिलिमीटरवर ठेवला तर क्षेत्रफळ साधारण ०.५ चौरस सेंटीमीटर, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला १.६ ज्यूल. तोच ३ मिलिमीटरवर आणला तर ११ ज्यूलच्या वर. शिवाय बीम गॉसियन, म्हणजे मधे तीव्र आणि कडेला फिका, असेल तर मधोमध याच्या दुप्पट. नेहमीच्या ब्रॉडबँड (बऱ्याच वेव्हलेंग्थ शोषणाऱ्या) लेपाची सहनशक्ती नॅनोसेकंदांच्या पल्ससाठी ०.३ ज्यूलच्या आसपास असते. म्हणजे तुम्ही मागितलेलं हेड मोठ्यातल्या मोठ्या स्पॉटलाही पूर्ण एनर्जीवर टिकलं नसतं. पहिल्याच दिवशी डाग पडला असता, आणि डाग पडलेल्या हेडची वाईट गोष्ट अशी की ते बंद पडत नाही. ते आकडे देत राहतं, फक्त चुकीचे देतं.

काचेसारख्या जाड थरात प्रकाश खोलवर शोषून घेणारं, व्हॉल्यूम ॲब्सॉर्बरचं थर्मोपाइलही मिळतं. ते काही ज्यूल सोसतं, तेव्हा मोठ्या स्पॉटवर ते जळलं नसतं. तरी तुमच्या कामाला मी ते सुचवलं नाही. थर्मोपाइल चकतीच्या मध्यापासून कडेकडे जाणारी उष्णता मोजतं आणि त्याला एक आकडा स्थिर करायला सेकंद-दोन सेकंद तरी लागतात. १० हर्ट्झला तेवढ्यात वीस पल्स होऊन जातात. वॅटला हर्ट्झने भागून तुम्हाला मिळते ती त्या वीस पल्सची सरासरी. त्यातली एक ५० टक्के जास्त आली, दोन गळाल्या, तर नुसत्या सरासरीवरून ते ओळखू येत नाही.

रुग्णाच्या त्वचेवर मात्र प्रत्येक पल्स वेगळी पडते. भरतीच्या मेडिकलआधी हातावरचं गोंदण काढून टाकायला आलेला मुलगा असो, की लग्नाआधी जुनं नाव पुसायला आलेली मुलगी, ती एक जास्तीची पल्स त्यांच्या कातडीवर फोड किंवा पांढरा डाग ठेवून जाऊ शकते. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेत मेलॅनिन (त्वचेला रंग देणारं द्रव्य) जास्त, आणि ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश मेलॅनिन भरपूर शोषतं, म्हणून इथे हे आणखी जपावं लागतं. पायरो हेड प्रत्येक पल्स वेगळी मोजतं, सर्वांत मोठी, सर्वांत लहान आणि त्यांतला फरक दाखवतं. तुम्ही घेतलेल्या हेडवर डिफ्यूझरही आहे, तो बीम पसरवून क्रिस्टलवरचा भार कमी करतो. किमतीतला फरक या दोन गोष्टींचा आहे.

आता १५ टक्क्यांबद्दल. मशीनचं पॅनेल बहुतेक वेळा आतल्या एका फोटोडायोडवरून (प्रकाश मोजणाऱ्या छोट्या सेन्सरवरून) आकडा दाखवतं, किंवा कारखान्यात भरलेल्या तक्त्यावरून. त्याच्यापुढे प्रकाश वाहून नेणारा, आरसे बसवलेला मशीनचा हात, हँडपीसमधली भिंग आणि बाहेरची संरक्षक काच आहे, आणि त्या काचेवर धूळ आणि शॉटनंतर उडालेले कण बसतात. कोटिंग नसलेली स्वच्छ काचसुद्धा प्रत्येक पृष्ठभागावर साधारण ४ टक्के प्रकाश परत पाठवते. मीटर या सगळ्याच्या शेवटी बसतं, म्हणजे जे रुग्णापर्यंत पोचतं तेच ते मोजतं. वैद्यकीय लेझरसाठीचं आयईसी ६०६०१-२-२२ हे मानक पॅनेलचा आकडा आणि प्रत्यक्ष आउटपुट यांत २० टक्क्यांपर्यंत फरक चालवून घेतं. तेव्हा १५ टक्के कमी दिसले म्हणून मशीन खराब ठरत नाही आणि मीटरही खोटं ठरत नाही. आधी हँडपीसची काच काढून, साफ करून पुन्हा मोजा. मीटरवर वेव्हलेंग्थ १०६४ लावली आहे ना, तेही पाहा. ५३२ वर मोजताना सेटिंग बदलायचं राहून गेलं तर तेवढ्यानेही आकडा सरकतो.

डॉक्टरांचं पॅनेल ज्यूलमध्ये नसून दर चौरस सेंटीमीटरला ज्यूल असं दाखवत असेल, तर आणखी एक गोष्ट बघावी लागेल. नॉबवर ४ मिलिमीटर लिहिलेला स्पॉट प्रत्यक्षात ४.४ असला तर क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढतं आणि त्वचेवरची मात्रा १७ टक्क्यांनी घटते. यात मीटरचा काही दोष नसतो, ते एकूण ज्यूल बरोबरच दाखवत असतं. स्पॉट जळणाऱ्या कागदावर घेऊन मोजायची सवय लावा. मी सर्व्हिसवाल्यांना हे कायम सांगतो आणि फार थोडे करतात.

डायोड मशीनची तक्रार मात्र वेगळी आहे. चौकशीत तुम्ही त्या मशीनचा उल्लेख केला नव्हता, आणि आमच्या कोटेशनमध्ये हेडची पल्सच्या लांबीची कमाल मर्यादा लिहिलेली आहे. तरी मुद्दा कागदाचा नाही, तो समजून घेण्याचा आहे. १९८३ मध्ये अँडरसन आणि पॅरिश यांनी मांडलेलं तत्त्व असं, की लक्ष्य थंड व्हायच्या आत पल्स संपली पाहिजे, म्हणजे आजूबाजूची त्वचा भाजत नाही. शाईचा कण अतिसूक्ष्म, तो फार पटकन थंड होतो, म्हणून तिथे पल्स नॅनोसेकंदांची. केसाचं मूळ त्याच्या मानाने खूप मोठं, म्हणून डायोड मशीनची पल्स दहा-वीस मिलिसेकंदांपासून काहीशे मिलिसेकंदांपर्यंत. दोन मशीन एकाच खोलीत, एकाच डॉक्टरांकडे, पण त्यांच्या पल्समध्ये लाखो पटींचं अंतर आहे.

पायरो क्रिस्टल तापमान बदलतं तेव्हाच विद्युतभार देतं, आणि तो भार लगेच ओसरायलाही लागतो. तळाला भोक असलेल्या भांड्यात एकदम पाणी ओतलं तर पातळी वाचता येते. तेच पाणी सावकाश ओतलं तर ओतून होईपर्यंत निम्मं गळून गेलेलं असतं. तुमच्या हेडवर डायोडच्या लांब पल्सचं तेच होतं, म्हणून आकडा दरवेळी कमी आणि दरवेळी निराळा. याने हेड बिघडलेलं नाही. लांब पल्स मोजणारी पायरो हेड असतात, पण तीही काही मिलिसेकंदांपर्यंत, फार तर त्याच्या थोडी पुढे जातात.

आणि इथेच तुम्ही मागितलेलं थर्मोपाइल योग्य ठरतं. सिंगल-शॉट एनर्जी मोडमध्ये ते पूर्ण पल्सची उष्णता गोळा करून एक आकडा देतं, पल्स ३० मिलिसेकंदांची असो की ३०० ची. एक शॉट द्यायचा, हेड निवायची वाट पाहायची, मग दुसरा. लांब पल्सला तोच लेप कितीतरी जास्त ज्यूल सोसतो, त्यामुळे जळायची भीतीही कमी. फक्त हँडपीस हेडच्या तोंडाजवळ धरा, कारण डायोडचा प्रकाश झपाट्याने पसरतो आणि लांब धरलं तर कडेचा भाग बाहेर सांडतो. टोकाला थंडाव्यामुळे दव धरतं, तेही आधी पुसा. दोन्ही मशीन मोजायची तर दोन हेड लागतील, मीटर मात्र एकच पुरेल. आमच्याकडे डेमोचं थर्मोपाइल हेड आहे, ते एका दिवसासाठी विनाशुल्क घेऊन जा आणि त्याच डॉक्टरांकडे, त्याच मशीनवर लावून बघा. पटलं तरच घ्या.

पायरोबद्दल एक सूचना, जी विकणारे क्वचित देतात. हे क्रिस्टल कंपनालाही सिग्नल देतं. टेबलावर कंप्रेसर असेल, कोणी ड्रॉवर आपटला, तर लेझर बंद असतानाही मीटर पल्स मोजतं. हेड वेगळ्या स्टँडवर ठेवा आणि ट्रिगर लेव्हल (जिच्याखालचा सिग्नल मीटर पल्स धरत नाही ती पातळी) थोडी वर घ्या.

प्रश्न विचारण्याबद्दल तुम्ही लिहिलंत. रबाळे किंवा महापेहून फायबर लेझर मार्किंगवाले येतात, २० वॅट, २० किलोहर्ट्झ, म्हणजे दर पल्सला १ मिलिज्यूल. त्यांना मी स्वतःच थर्मोपाइल देतो, वॅट भागिले हर्ट्झ त्यांच्या कामाला पुरतं. प्रयोगशाळेतल्या नॅनोज्यूल पल्सला यांतलं काहीच चालत नाही, तिथे फोटोडायोड लागतो, आणि त्यातही सिलिकॉन १०६४ च्या जवळ नीट साथ देत नाही. तिघांचाही फोन एकाच वाक्याने सुरू होतो, ‘पल्स लेझरचा सेन्सर केवढ्याला?’ वेव्हलेंग्थ, एनर्जी, पल्सची लांबी, हर्ट्झ आणि स्पॉट कळल्याशिवाय मी सांगेन तो भाव कोणत्या तरी भलत्याच वस्तूचा असेल. त्यामुळे आम्ही हे विचारत राहू.

तुम्ही वागळे इस्टेटमध्ये आमच्याकडे येताना मीटर आणि हेड दोन्ही आणा, मीटरचं सेटिंग आत्ता जसं आहे तसंच ठेवून. कॅलिब्रेशन सर्टिफिकेटही असू द्या, त्यात कोणत्या वेव्हलेंग्थला आणि पल्सवर की सततच्या बीमवर तपासलं आहे ते आपण एकत्र वाचू. हेडवर डाग असेल तर तो स्वतः पुसू नका, लेपाला बोट किंवा स्पिरिट लावू नका. आणि क्लिनिकमध्ये पुन्हा मोजाल तेव्हा खोलीतला आरसा झाका, १०६४ चा गॉगल तुम्ही आणि नर्स दोघांनीही घाला. तो प्रकाश दिसत नाही, आणि हेडवरून परतलेला थोडासा अंशही डोळ्याला पुरेसा असतो.